कॅसेटची मागची बाजू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. देवालासुद्धा नाही — देवापुढे उभी राहिले की मी दुसरंच काहीतरी मागते आणि निघते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे उद्या त्याच्या दारावरून जायचं, त्याच्या घरचा चहा प्यायचा. ते मला जमणार नाही. ऑफिसात लोक मला खमकी म्हणायचे. तोंडानं खमकं असणं आणि मनानं धीट असणं, दोन्ही एकच असतं का? माझ्या बाबतीत तरी कधीच नव्हतं.

सुरुवात वहिनीपासून करते. म्हणजे माझ्यापासून लगेच करावी लागणार नाही.

आदिलाबादच्या आमच्या गल्लीत कमलवहिनीला सगळे कॅसेटवाली काकू म्हणतात. आता कॅसेट कोण ऐकतं? पण ज्यांच्या घरी गेलेल्या माणसाचा आवाज उरला आहे, ते टाकून कसे देतील? ते वहिनीकडे घेऊन येतात. कुणाच्या वडिलांचं भजन, कुणाच्या लग्नातल्या मंगलाष्टका, कुणाची आजी सुनेला शिव्या देताना. वहिनी चष्मा लावून बसते. पावसाळ्यात पट्टीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते, ती मऊ ब्रशनं झाडते. तुटलेली पट्टी बारीक चिकटपट्टीनं जोडते. मशीनचं हेड कापसाच्या बोळ्यानं, स्पिरिट लावून पुसते. आणि जाताना प्रत्येकाला एकच गोष्ट बजावते — "स्पीकरच्या डोक्यावर नका ठेवजा. त्यात लोहचुंबक असते. मी ठेवली होती, माहं गेलं."

तिच्या स्वतःच्या दहा कॅसेट आहेत. लाकडी कपाटात, सुती फडक्यात गुंडाळून, उभ्या ठेवलेल्या. आडव्या ठेवल्या तर पट्टी एका बाजूला सरकते म्हणते. औषधाच्या बाटलीतून निघणाऱ्या, ओल शोषणाऱ्या पुड्या ती गल्लीभरातून गोळा करते आणि त्यात टाकते. वर्षातून दोनदा प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत गुंडाळायची, मग उलटी गुंडाळायची, म्हणजे थर एकमेकांना चिकटत नाहीत. त्या दिवशी ती उपास धरते. कुणी सांगितलेला नाही, तिचा तिनंच लावून घेतलेला. एका चुकीची शिक्षा म्हणून.

ती चूक तिची नाही. माझी आहे. — आता बघा, वाक्य तर लिहिलं, पण यातून तुम्हाला काही कळलं नाही. नीट सांगायला पाहिजे.

दादा माझा थोरला भाऊ. वीजतंत्री होता. वडील गेल्यावर मस्कतला गेला. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं, अमोल पोटात होता. आमच्याकडे एक गंमत होती, तिला तेव्हा आम्ही हसायचो. दादा शिकला मराठी शाळेत. वहिनी बाजारहत्नूरची, भाजी पिकवणाऱ्या घरातली, ती पाचवीपर्यंत शिकली तेलुगूत. घरात दोघंही मराठीच बोलणार, पण त्याचं लिहिलेलं तिला वाचता येत नाही आणि तिचं लिहिलेलं त्याला. नवरा-बायकोचं पत्र म्हणजे मधे मी आलेच. मी दोन्ही लिपी जाणणारी, म्हणून दादाचं पत्र मोठ्यानं वाचायचं काम माझं. आता सांगा, नणंद वाचणार आहे हे माहीत असल्यावर नवरा पत्रात काय लिहील? "तब्येतीला जपणे, मायला औषध वेळेवर देणे." बास.

म्हणून दादानं कॅसेटची सोय काढली. तिकडून एक दोन स्पीकरचं मशीन पाठवलं आणि त्यानंतर दर महिना-दीड महिन्यानं एक कॅसेट, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या हाती. पुढची बाजू सगळ्या घरासाठी, मागची बाजू कमलसाठी. पुढची बाजू संपताना तो दर वेळी म्हणायचा, "आता बाकीचं मांगच्या बाजूले." तेव्हा मी कॅसेट उलटून लावायचे, मशीन सुरू करून द्यायचे आणि अंगणात जाऊन उभी राहायचे. वहिनी मशीनला कान लावून बसायची. बाहेर येताना तिचा कान लाल असायचा. मला ते बघवत नसे. हेवा होता की नाही — होता. पण जे मी केलं ते हेव्यानं केलं नाही. हेव्यानं केलं असतं तर निदान त्यात काही माणूसपण तरी असतं.

मायला अर्धांगवायू झाला होता. डावी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तिला उठवणं, धुणं, भरवणं, सगळं वहिनी आणि मी मिळून करायचो. मी सत्तावीस वर्षांची. स्थळं येणं बंद झालेलं. आणि अशात मला नोकरीची ऑर्डर आली — ज्युनिअर असिस्टंट, बेल्लमपल्लीला. पंधरा दिवसांत हजर व्हायचं. तुम्हाला काय सांगू, ती ऑर्डर मी उशीच्या अभ्र्यात ठेवून झोपायचे. कोळशाच्या धुळीचं गाव, पण तिथं माझी एक खोली असणार होती. एक दार, ज्याची कडी मी आतून लावणार. घरात सगळं ठरलं. वहिनी म्हणाली, "तुमी जा ताई, मायचं मी पाहतो. मी काय कुठं जाऊन राह्यली?"

आठवडाभरानं पोळा आला. वहिनी तान्ह्या अमोलला घेऊन तीन दिवस माहेरी, बाजारहत्नूरला गेली. तिकडे ती गेली आणि इकडे मस्कतहून दादासोबत काम करणारे लतीफभाई सुटीवर आले. कॅसेट देऊन गेले. म्हणाले, "बहनजी, दस दिन में वापस जाता हूँ, जवाब तैयार रखना. उसने खास बोला है."

खास काय असेल? मी दार लोटलं आणि कॅसेट लावली. पुढची नाही — मागची. हे मी पहिल्यांदा करत होते का? नाही. दोनदा आधीही ऐकली होती. तेही लिहायचं राहायला नको.

दादाचा आवाज आला. त्याचा शब्द न् शब्द मला पाठ आहे.

"कमल, कंपनी मले खोली देऊन राह्यली. बायको-लेकरू आणता येते. तू अमोलले घेऊन ये. तुझ्या भावाले सांग, हैदराबादले नेऊन पासपोर्टचं करून देईन. मायजवळ दोन वर्सं सुमन राहीन, ते माह्या शब्दाबाहेर नाही. इथं संध्याकाळी समुद्रावर जाता येते, तू समुद्र पाह्यला नाही. पण जबरदस्ती नाही, कमल. लतीफभाईजवळ उत्तर दे. तू यातलं काही नाही बोलली, त मी समजीन का तुले मायले सोडून यायचं नाही. मंग खोली दुसऱ्याले देतीन. मी पुन्हा काढणार नाही हे गोष्ट."

सुमन म्हणजे मी.

मी ते तीनदा ऐकलं. माय समोर खाटेवर होती, तिनंही ऐकलं. मग तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. तिला काय कळलं, किती कळलं, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती काय सांगणार होती?

आता ते सांगायचं. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या कळ्या असतात. त्या मोडल्या की कुणी चुकून लाल बटण दाबलं तरी तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. दादा हुशार, तो प्रत्येक कॅसेटच्या कळ्या मोडूनच पाठवायचा. त्यामुळे माझ्या हातून चुकून पुसली गेली, असं म्हणायची वाटच त्यानं ठेवली नव्हती. मी कणकेची खळ केली. वहीचा कागद कातरला. मोडलेल्या कळीच्या जागी पडलेल्या भोकावर चिकटवला. वाळायची वाट पाहत बसले — अर्धा तास. अर्धा तास म्हणजे किती असतो ते बघा. तेवढ्या वेळात माणूस दहा वेळा शुद्धीवर येऊ शकतं. मी भात टाकला, मायची कूस बदलली, परत येऊन कागद वाळला का ते पाहिलं. मशीनला माइकचं भोक असतं, त्यात नुसती एक पिन खुपसली की खोलीतला आवाज आत जात नाही, हे मला माहीत होतं. पिन खुपसली. मागची बाजू पहिल्यापासून लावली. लाल बटण दाबलं. पट्टी फिरत राहिली आणि दादा पुसला गेला. संपल्यावर कागद काढला, ओल्या बोटानं खळ पुसली आणि कॅसेट होती तशी डबीत घातली.

मी सरळ नाही म्हणू शकत होते, हे तुम्हाला सुचलं असेल. मला पण तेव्हाच सुचलं होतं. "वहिनी, मला नोकरीवर जायचं आहे, मी मायजवळ राहणार नाही" — एवढं एक वाक्य. दादानं मायसाठी एखादी बाई ठेवली असती. दोघं मिळून काहीतरी काढलं असतं. कुणी मला बोलही लावला नसता. पण नाही म्हणणारी मुलगी म्हणून मला दिसायचं नव्हतं. चांगलं दिसायचं होतं आणि जायचंही होतं.

वहिनी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. आमच्या घरची रीत — परगावाहून आलेली वस्तू आधी देवाजवळ ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी आंघोळी झाल्यावर उघडायची. देवघराला लागूनच ते मशीन होतं. वहिनीनं कॅसेटला हळदकुंकू वाहिलं आणि मशीनच्या स्पीकरवर ठेवली, रात्रभर. सकाळी मायच्या खाटेजवळ बसून आम्ही ऐकली. पुढची बाजू झाली. "आता बाकीचं मांगच्या बाजूले," दादा म्हणाला. मी उलटून लावली आणि अंगणात गेले. बऱ्याच वेळानं वहिनी दारात आली.

"ताई, काही आवाजच नाही येऊन राह्यला."

मी ठरवलं होतं, म्हणायचं की दादा भरायला विसरला असेल. पण ती विचारायला लागली की तो विसरेल कसा, आत्ताच तर म्हणाला मागच्या बाजूला. माझ्या तोंडून निघून गेलं —

"वहिनी, तुमी स्पीकरवर काऊन ठेवली? त्यात लोहचुंबक असते. पुसून टाकते ते."

तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. रडलीसुद्धा नाही. मशीनकडे बघत राहिली, लेकराला काही लागलं की आई बघते तशी.

इथं थांबले असते तरी एक वेळ काही वाचलं असतं. कारण दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, उत्तराच्या कॅसेटमध्ये सांगते की माझ्या हातून पुसली गेली, पुन्हा सांगा. साधी गोष्ट. मी तिला तेही करू दिलं नाही. म्हटलं, इतक्या लांब तो एकटा, त्याच्या जिवाला लागेल. इतक्या मायेनं बोलला आणि बायकोनं ऐकण्याआधी घालवलं, असं वाटेल त्याला. ऐकलं म्हणून सांगा, त्यात काय जातं? आणि ती भोळी बाई मला म्हणाली, "बरं झालं तुमी सांगतलं."

तिनं बोललेलं मी माझ्या हातानं रेकॉर्ड केलं. "तुमचं सारं आयकलं. समजलं मले. इकडची काळजी नका करजा. अमोलले दोन दात आले. वांगे यंदा चांगले झाले म्हणे माह्या भावाकडं. मायची तब्येत बरी हाये." खोलीबद्दल अवाक्षर नाही. तिला माहीतच नव्हतं ना! तिच्याच तोंडानं, तिच्याच गोड आवाजात तिनं त्याला नाही म्हटलं, आणि तिला ते कळलं नाही.

मी बेल्लमपल्लीला गेले. हजर झाले. खोली मिळाली. कडी आतून लावली.

दादाची त्यानंतर एकच कॅसेट आली. मागची बाजू जेमतेम दोन मिनिटं. "समजलो मी, कमल. तू बरोबरच हायेस." वहिनी मला विचारायची, काय बरोबर म्हणतात हे? मी म्हटलं, वांग्यांचं असेल. हो, हेच म्हटलं मी. वर्षभरानं दादा तिकडे कामावर विजेचा धक्का लागून गेला. पेटी आली, ती उघडू दिली नाही. एक वर्ष आधी वहिनी तिकडे गेली असती तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. वीज काही विचारून लागत नाही. पण ते एक वर्ष तर त्या दोघांचं होतं ना? ते मी घेतलं. आणि बायको आपल्याकडे यायला नाही म्हणाली, हे मनात घेऊन तो गेला.

मायचं नऊ वर्षं वहिनीनं केलं. एकटीनं. मी महिन्यातून एकदा बेल्लमपल्लीहून यायचे, सोबत फळं आणायचे. लोक म्हणायचे, नणंद-भावजय असाव्यात तर अशा. अमोल शिकला, हैदराबादला नोकरीला लागला. आणि मी — जी घरातून सुटायला निघाले होते ती — रिटायर होऊन कुठे आले? तिच्याच घरी. समोरासमोर दोन खाटा. ती मला तिच्या हातची भाकरी वाढते. कधी शेजारणी बसल्या की त्यांच्या कुणाकुणाच्या गोष्टी निघतात, नवऱ्यानं दुबईला नेलं, सौदीला नेलं. मग वहिनी मनात काही न ठेवता म्हणते, "अमोलच्या बाबानं नाही बोलावलं मले कधी. खेड्यातली बाई, तिकडं नेऊन काय करतीन?" आणि मी चहाचे कप गोळा करून आत जाते. दर वेळी जाते. धुतलेले कप पुन्हा धुते.

एवढंच असतं तर मी हे कदाचित लिहिलंही नसतं. चाळीस दिवसांपूर्वी जे झालं त्यानं लिहायला लावलं.

वेगळ्या राज्यासाठी बंद चालले आहेत. बस नाही, ऑफिस नाही, म्हणून अमोल आठ दिवस घरीच होता. त्यानं एक यंत्र आणलं, कॅसेटचा आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं. वहिनीच्या दहा कॅसेट एकेक करून उतरवल्या. त्याला बापाचा आवाज आठवत नव्हता, तो यंत्राला कान लावून बसून राहिला होता. नववी कॅसेट आली. वहिनी म्हणाली, याची मागची बाजू नको लावू, काही नाही तिच्यात. त्यानं तरी लावली. मग पुढची लावली. पुन्हा मागची. आणि म्हणाला —

"आई, लोहचुंबकानं पुसलं असतं तर दोन्ही बाजू गेल्या असत्या. पट्टी एकच असते. हे असं एकाच बाजूचं सफाचट जात नाही. कोणीतरी वरून रेकॉर्डिंग केलं हाये."

मला वाटलं, आलं. आता सुटले एकदाची. खरं सांगते, भीतीच्या आधी मला तेच वाटलं. कुणीतरी माझं बखोट धरून मला बाहेर काढणार होतं.

त्या कॅसेटच्या कळ्या मोडलेल्या होत्या, तिकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. वहिनी म्हणाली, "तवा मले मशीन कुठं येत होती? माह्याच हातानं लाल बटण दबलं असन." आणि माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत संशयाचा कणही नव्हता. घरात त्या वेळी हजर असलेलं दुसरं माणूस म्हणून ती विचारत होती.

"ताई, तुमी होत्या तवा. मीच दाबलं का ओ?"

अमोलही माझ्याकडे बघत होता. दार सताड उघडं होतं. मला नुसती मान हलवायची होती — आडवी.

"असन वहिनी," मी म्हणाले. "तुमीच दाबलं असन."

ती हळूच "हो" म्हणाली. इतकी वर्षं जो दोष होता, तो थोडा तरी स्पीकरकडे जायचा. आता सगळा तिच्याकडे आला. मग तिनं अमोलला सांगितलं, प्रत्येक कॅसेटमध्ये काय आहे त्याची यादी कर, पुढच्यांना कळलं पाहिजे. त्याला मराठी लिहायची सवय नाही. कागद माझ्याकडे आला. वहिनी सांगत गेली, मी लिहीत गेले. नववीपाशी ती म्हणाली, खरं तेच लिहा.

मी लिहिलं — 'नंबर नऊ. मागची बाजू कमलच्या हातून पुसली गेली.' तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मोठ्यानं वाचूनही दाखवलं.